अर्शिन मोठा की सचिन?

सोलापूर

चिरंजीव सोहम यास,


तुझं पत्र मिळालं. फोन खिशात असताना तू दोन पानं हातानं, तीही शाईच्या पेनानं लिहिलीस, याचं मला इतकं कौतुक वाटलं की शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवलं (रागावू नकोस, मेसच्या आमटीबद्दल लिहिलेलं तेवढं गाळलं). तर तुमचं भांडण समजलं. तू सोलापूरचा म्हणून क्रिकेटपटू अर्शिन कुलकर्णीच्या बाजूनं, तुझा खोलीतला सोबती बीडचा म्हणून सचिन धसच्या बाजूनं, आणि दोघांतला पुढे मोठा कोण होणार याचा निवाडा म्हणे आजीनं करायचा! बाळा, या वयात मला पंच केलंस, बरं वाटलं; पण बोट मी आज काही वर करणार नाही, आणि का नाही ते सावकाश सांगते. सकाळचं खाणं उरकलं नसेल तर आधी खाऊन घे, मग पुढचं वाच.

दोघं एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते बघ. सचिन २००५ च्या फेब्रुवारीतल्या ३ तारखेचा, अर्शिन १५ तारखेचा. म्हणजे थोरला-धाकटा काय तो बारा दिवसांचा. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाला दोघं एकाच संघातून दक्षिण आफ्रिकेला गेले. २८ जानेवारीला ब्लूमफाँटेनला अर्शिननं अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या, आणि २ फेब्रुवारीला तिथंच सचिननं नेपाळविरुद्ध ११६. दुसऱ्या दिवशी पोराचा एकोणिसावा वाढदिवस होता. मग बेनोनीची उपांत्य फेरी, जी तुझ्या मित्राला तोंडपाठ असणार आणि तू सोयीनं विसरला असशील: २४५ करायच्या होत्या आणि ३२ धावांत चार गडी गेले होते, त्यांत आपला अर्शिनही, १२ करून. तिथून सचिन आणि कर्णधार उदय सहारन यांनी १७१ ची भागीदारी केली, सचिन ९६ वर बाद झाला, आणि सामना दोन गडी राखून आपण जिंकलो. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरलो, तेव्हा मात्र दोघंही एक आकडी धावांत परतले. बघ, त्या एका महिन्यात तू रोज निवाडा दिला असतास तर रोज तो फिरवावा लागला असता.

आणि दुसरं असं की दोघांचं काम तरी कुठं एक होतं? अर्शिन सलामीला जातो आणि वर मध्यमगती गोलंदाजी करतो. सलामीच्या फलंदाजासमोर चेंडू नवा, कडक, हवेत वळणारा. त्यानं ऑफ स्टंपाबाहेरचे किती चेंडू शहाणपणानं सोडून दिले हे धावफलकावर कुठंच लिहीत नाहीत. त्या विश्वचषकात सचिन खाली यायचा, म्हणजे दुसऱ्यांनी जे काही मांडून ठेवलं असेल ते पुढे न्यायला: कधी चार गडी पडलेले, कधी जेमतेम पाच षटकं उरलेली, आणि पहिल्या चेंडूपासून ओळखायचं की आज थांबायचं की धावायचं. नुसत्या धावा शेजारी शेजारी लिहून यांची तुलना कशी होईल?

घरंही निराळी. अर्शिनचे आईवडील डॉक्टर. सचिनची आई पोलिसांत, वडील आरोग्य खात्यात; बीडला त्याचा सराव अर्ध्या लांबीच्या खेळपट्ट्यांवर झाला, आणि त्या दुष्काळी मुलखात खेळपट्टीला पाणी घालायचं तर टँकर विकत आणावा लागे. विकतच्या पाण्यावर तयार झालेल्या खेळपट्टीवर सरावाचा एकेक चेंडू पोरगा किती लक्ष देऊन खेळला असेल! (दात घासताना नळ उघडा ठेवायची तुझी सवय मला इथं आठवली. पुढे काही म्हणत नाही, तू समजूतदार आहेस.)

आता तुझ्या अर्शिनचीच गोष्ट घे. २०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकच्या संघाकडून त्यानं ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार, वर चार बळी, आणि सामना एका धावेनं जिंकला. गाव नुसतं हरखून गेलं होतं. डिसेंबरात आयपीएलमधल्या लखनौच्या संघानं त्याला २० लाखांना घेतलं. पुढं ३० एप्रिल २०२४ ला मुंबईविरुद्ध आयपीएलमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला आणि पहिल्याच चेंडूवर पायचीत! हरखणारी माणसंच मग मान हलवू लागली. पण २०२५ च्या जानेवारीत बडोद्याला विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी होती, समोर पंजाब, हातात नवा चेंडू घेतलेला त्यांचा अर्शदीप सिंग, आपला ऋतुराज गायकवाड लवकर परतलेला; तिथं आपल्या मुलानं १३७ चेंडू खेळून १०७ केल्या आणि महाराष्ट्र जिंकला. तेरा षटकार मारता येत असताना ते न मारता दिवस काढायचा, यालाच मी काटकसर म्हणते. मला विचारशील तर ११७ पेक्षा ही १०७ ची खेळी अधिक आवडली.

आणि घाईच्या निवाड्याची ही गोष्ट आजचीच नाही. आपल्या मातीतले जुने मोठे खेळाडू म्हणजे पॉली उमरीगर. १९२६ साली सोलापुरात जन्मले, पुढे घर मुंबईला गेलं. १९५२ साली ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा फ्रेडी ट्रूमनच्या वेगापुढं सात डावांत मिळून त्यांना ४३ धावाच करता आल्या, आणि हा माणूस लेग साइडला सरकतो, भितो, असं जगभर बोललं गेलं. त्या दिवशी कुणी हिशेब मिटवून टाकला असता तर? १९५३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी दोन शतकं केली. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ केल्या, कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. १९५९ साली इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला, ११८. आणि १९६२ ला, छत्तिशीत, पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६, नाबाद १७२ आणि पाच बळी! त्या ४३ धावांनंतर या माणसाकडं दहा वर्षांचं क्रिकेट शिल्लक होतं, रे.

फार लांबही नको जायला. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती, भालाफेक करायची. क्रिकेटकडं उशिरा वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून एका टी-ट्वेंटी डावात नाबाद १६२ केल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली, तेव्हा सत्तावीस वर्षं उलटली होती तिची. तुमच्या हॉस्टेलच्या हिशेबानं तर तिला केव्हाच बाद ठरवलं असतं.

आपल्याकडं काळ्या रानात दिवाळीच्या आधी ज्वारी पेरतात, मध्येच हुरडा येतो, गोड लागतो, शेंगाचटणीबरोबर आपण पोटभर खातो. पण हुरडा खाताना कुणी पोत्यांचा हिशेब मांडत नाही, तो रास झाल्यावर. ही दोन्ही मुलं अजून हुरड्यावर आहेत. गोडी घ्या, हिशेब राहू द्या.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही. भांडलास तरी रात्री मित्राला आपल्यातला लाडू देऊनच झोपला असशील. काळजी वाटते ती घाईची. मोबाइलवर सामन्याचे तुकडे बघता, सहा मिनिटांत दिवसभराचा खेळ संपतो, आणि त्यात सोडलेला चेंडू एकही दिसत नाही. म्हणून एक सांगते. पहाटे उठायची सवय मोडू नकोस. कधी रणजीचा सामना पुण्याजवळ गहुंज्याला असला तर मित्राला घेऊन सकाळचं पहिलं सत्र जाऊन बघ, डबा बरोबर ने, बाहेरचे वडे महाग असतात आणि तेलही कसलं असतं देव जाणे. आणि गेल्या वर्षीच्या वहीत मागची कोरी पानं उरली असतील ती फाडून टाकू नकोस. डावीकडं अर्शिन, उजवीकडं सचिन असं लिही, आणि दोघं काय काय करतील ते तारखेनिशी नोंदव: धावा, किती चेंडू खेळले, कोणत्या परिस्थितीत आले, शून्यावर गेले तर तेही. मात्र तुझं पान मित्रानं लिहायचं आणि त्याचं तू. दुसऱ्याच्या खेळाडूच्या धावा आपल्या हातानं लिहिताना माणूस नीट बघायला शिकतो.

वही भरली की मला दाखव. तोवर दोघं भारताच्या मुख्य संघात एकत्र खेळले तर तुमचं भांडण आपोआप मिटेल, आणि नाहीच खेळले तरी दोन भल्या मुलांचा खेळ तुम्ही मनापासून पाहिलेला असेल. शेंगाचटणीचे दोन डबे पाठवते आहे, एक त्याचा. तुझा संपला म्हणून त्याच्यात हात घालू नकोस.

तुझी,
आजी