तेल सांडले, की कोणी सांडले?

घरात दूध सांडले की लहान मूल म्हणते, ‘दूध सांडलं.’ आई विचारते, ‘कोणी सांडलं?’ मराठीत ‘सांडणे’ हे क्रियापद दोन्ही प्रकारे चालते : वस्तू आपोआप सांडते आणि कोणी तरी ती सांडतो. मुलाने वगळलेला कर्ता आईचा प्रश्न परत आणतो. समुद्रात मिसळणाऱ्या तेलासंबंधीच्या वादाचे मर्मही मला या दोन वाक्यांतील अंतरात दिसते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सांता बार्बरा सामुद्रधुनीत, कोल ऑइल पॉइंटजवळ, समुद्रतळाच्या भेगांतून दररोज सुमारे १०० पिंपे तेल आपसूक झिरपत असते. तेथील चुमाश लोक किनाऱ्यावर येणारे डांबर आपल्या फळ्यांच्या होड्यांचे सांधे भरण्यासाठी शतकानुशतके वापरीत आले. याच सामुद्रधुनीत २८ जानेवारी १९६९ रोजी एका तेलविहिरीचा स्फोटक उद्रेक झाला. विहिरीला आतून आधार देणारी पोलादी नळी नियमापेक्षा आखूड ठेवण्याची सवलत सरकारनेच दिली होती. दाबाखालचे तेल खडक फोडून समुद्रतळाच्या भेगांतून वर आले, आणि हजारो समुद्रपक्षी मेले. वरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगी दृश्य एकच : तळातील भेग आणि तीतून वर येणारे तेल.

या साम्यावरच तेलउद्योगाच्या समर्थकांचा युक्तिवाद उभा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००३ च्या अहवालानुसार, जगातील समुद्रांत दरवर्षी मिसळणाऱ्या सुमारे १३ लाख टन तेलापैकी ६ लाख टन नैसर्गिक झिरपेचे असते. उत्खननातून येणारे तेल अवघे ३८ हजार टन. शिवाय कोल ऑइल पॉइंटजवळच्या एका फलाटाभोवती उत्खननानंतर नैसर्गिक झिरप कमी झाली, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मग दोष माणसालाच का द्यावा?

हे आकडे नाकारण्याचे कारण नाही. निसर्ग मुळात निष्कलंक असून माणूसच त्याला विटाळतो, ही समजूत भाबडी आहे. झिरप संथ असते, तिच्याभोवतीचे सूक्ष्मजीव त्या तेलावर जगण्यास सरावलेले असतात. उद्रेक मात्र थोड्या दिवसांत एकाच किनाऱ्यावर कोसळतो, हा भेदही खरा आहे. परंतु तो अखेर प्रमाणाचा भेद आहे. नैतिक भेद वेगळा आहे. नदीला पूर येतो, म्हणून बांध फोडणारा निर्दोष ठरत नाही. समुद्रतळाची भेग झिरपू नये, असे कोणी ठरवू शकत नव्हते. ती नळी मात्र पुरेशी लांब ठेवता आली असती. ‘वेगळे करता आले असते’ हे शब्द जेथे लागू पडतात, तेथे उत्तरदायित्व सुरू होते. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ फलाटावर ११ कामगार मृत्यू पावले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. त्याच आखाताच्या तळातूनही तेल निसर्गतः झिरपते, म्हणून या घटनेचा हिशेब चुकता होत नाही.

मात्र येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ च्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : तेलाच्या वापरातून, म्हणजे जहाजांच्या नित्य विसर्गातून, शहरांतून वाहून येणाऱ्या पाण्यातून आणि हवेतूनही, समुद्रात जाणारे तेल सुमारे ४ लाख ८० हजार टन होते. उत्खननातील तेलाच्या ते बारा पटींहून अधिक. २०२२ च्या पुढील अहवालात तर उत्तर अमेरिकेच्या समुद्रांपुरता जमिनीवरून वाहून येणारे तेल हाच सर्वांत मोठा स्रोत ठरला. या तेलाला स्फोट नाही, दिनांक नाही, कोण्या एका कंपनीचे नावही नाही. ते थेंबाथेंबाने, जणू झिरपेसारखेच जाते. आणि म्हणून ‘सांडलं’ हे कर्ताहीन वाक्य आपणा सर्वांना फार सोयीचे वाटते.

कर्ता एक असला की त्याच्याकडे बोट दाखविता येते. तो कोट्यवधींत विभागला गेला की आपण त्याला निसर्ग समजू लागतो. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले तेव्हा आनंदलेल्या पिढीतला मी आहे. त्या तेलावर चालणाऱ्या वाहनांतून मी आयुष्यभर हिंडलो. तेव्हा आईचा तो प्रश्न तेलकंपन्यांना विचारण्याचा अधिकार मला जरूर आहे. पण तो मलाही विचारला जाईल, तेव्हा ‘आपोआप सांडलं’ हे उत्तर मला देता येणार नाही.