काळी टोपी आणि समीक्षेचा अधिकार

एडवर्ड डी बोनो (१९३३–२०२१) हे वैद्यकशास्त्राचे विद्यापीठीय अध्यापक. १९६७ मध्ये त्यांनी ‘लॅटरल थिंकिंग’ ही संकल्पना मांडली. पुढे उद्योगसंस्थांना विचारपद्धती शिकविणे हेच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. या स्थित्यंतराचा विचार केवळ अर्थार्जनाच्या अंगाने करणे अपुरे ठरेल. वेतन प्राध्यापकही घेतोच. प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. विद्यापीठात विचारवंत प्रतिपक्षाला उत्तर देण्यास बांधलेला असतो, सल्लागार ग्राहकाच्या प्रयोजनाला.

डी बोनोंच्या ‘सिक्स थिंकिंग हॅट्स’ (१९८५) या पुस्तकात दोष व धोके दाखविणारी काळी टोपी आहे; ती ठरल्या वेळी सर्वांनी घालायची आणि ठरल्या वेळी उतरवायची. यामुळे अहंकारांची झुंज टळते, हे मान्य करावे लागेल. विद्वत्सभांमध्ये ती काही दुर्मीळ नाही. परंतु बैठक बोलावणाऱ्याच्या हेतूचीही चिकित्सा होईल, अशी हमी ही पद्धती देत नाही. निमंत्रणावर अवलंबून असलेली समीक्षा ही अखेर सेवाच ठरते. विद्यापीठेही ग्राहक शोधू लागली, तर हाच प्रश्न त्यांनाही विचारावा लागेल.