सडलेला मान्ना, न सडलेला मान्ना

साप्ताहिक सुट्टीच्या बाजूने हल्ली एकच युक्तिवाद ऐकू येतो : विश्रांती घेतली की माणूस सोमवारी दुप्पट जोमाने कामाला लागतो. मग कुणीतरी बायबलमधल्या शब्बाथाचा, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याचा, दाखला देतो, जणू ती आज्ञा लोकांपर्यंत पोचवणारा मोशे एखाद्या कारखान्याचा कामगार अधिकारी होता. शब्बाथ हे नुसते कर्मकांड म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘देव देईल’ म्हणत स्वस्थ बसायला तो शिकवतो, हा आक्षेप तर ग्रंथ न उघडताच घेतला जातो. पण हा सोमवारवाला युक्तिवाद सभ्य दिसतो, म्हणून जास्त खटकतो.

बायबलमधल्या ‘निर्गम’ या ग्रंथाचा 16वा अध्याय पाहावा. दहा आज्ञा 20व्या अध्यायात येतात. शब्बाथ त्याआधीच, रानात, अन्नाच्या गोष्टीतून आला आहे. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांसाठी रोज सकाळी आकाशातून मान्ना नावाचे अन्न पडे, माणशी एक ओमर एवढे माप गोळा करायचे, ऊन चढले की उरलेला वितळून जाई. म्हणजे काम सकाळपुरते. त्याने असा किती थकवा येणार? तरी सातव्या दिवशी बाहेर पडायचे नाही. पुढे 34व्या अध्यायात तर नांगरणी-कापणीच्या दिवसांतही थांबा, असे बजावले आहे. पीक कापणीला आलेले असताना एक दिवस सोडणे कुठल्या कार्यक्षमतेत बसते? अलिबागेकडच्या बेने इस्राएल ज्यूंचा तेलघाणा शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाने दुसरा घाणा गाठला असणार, हे त्यांना कळत नव्हते थोडेच!

कबूल, बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना विसावा मिळावा, असेही ‘निर्गम’मध्ये आहे. पण तिथे विसावा दुसऱ्याला द्यायचा आहे; मालकाचा जोम वाढवण्याची ती योजना नव्हे.

खरी मेख वेगळ्याच तपशिलात आहे. काहींनी सकाळपर्यंत मान्ना राखून ठेवला, तर त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितले, आणि तो रात्रभर ठेवूनही नासला नाही. कृती तीच, उद्यासाठी राखून ठेवण्याची. तेव्हा प्रश्न काम की आराम असा नाही; साठवावे की नाही, असाही नाही. उद्या मिळणारच नाही या धास्तीने केलेला साठा वेगळा आणि उद्या थांबता यावे म्हणून केलेली सोय वेगळी. साठ्याला अंत नसतो. सोयीला माप असते. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथातले व्यापारी शब्बाथ पाळतात, पण तो संपतो कधी, धान्य विकायला काढतो कधी आणि माप लहान करतो कधी, एवढेच त्यांच्या मनात. दिवसभर बसून राहिले तरी ते थांबलेले नसतात. सोमवारच्या जोमाचा हिशेब मांडणारे मला त्यांच्याच पंगतीतले वाटतात.

हातावर पोट असलेल्याने मात्र काय करावे? मान्नाच्या गोष्टीत जास्त गोळा करणाऱ्याचे उरले नाही, कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. वाटा सारखा होता, म्हणून थांबणे सगळ्यांना परवडले. बाजार उघडा असताना एकट्याच्या श्रद्धेवर शब्बाथ टिकत नाही, हे बायबलमधल्याच नहेम्या या अधिपतीने ओळखले. यरुशलेमच्या प्रतिष्ठितांना त्याने बोल लावले, पण तेवढ्यावर भागवले नाही. शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडू लागताच त्याने वेशी बंद करवल्या, आपली माणसे पहाऱ्याला ठेवली आणि तटाबाहेर मुक्काम ठोकणाऱ्या व्यापाऱ्यांना पुन्हा दिसलात तर हात उचलीन, अशी तंबी दिली.