ताट कोण घासणार?

कागदी प्लेटवरचा वाद बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. एक जण म्हणतो, झाडं तोडली जातात. दुसरा म्हणतो, ताट घासायला पाणी आणि साबण लागतोच की. मग दोघंही फोन काढून आकडे शोधतात, ज्याला जे हवं ते सापडतं, आणि वाद होता तिथेच राहतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आकड्यांचं मला वावडं नाही. तेव्हा आधी आकडेच उरकून घेऊ. आम्ही चार जण बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. रात्रीचं जेवण घरी. माणशी एक प्लेट, एक वाटी धरली तर वर्षाला १,४६० प्लेटा आणि तेवढ्याच वाट्या. त्याऐवजी स्टीलची ४ ताटं आणि ४ वाट्या पुरतात, आणि आमच्यानंतर येणाऱ्या भाडेकरूंनाही पुरतील. पाण्याचं म्हणाल तर आमच्या सिंकचा नळ पूर्ण सोडला की लिटरची बाटली ७ सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ लिटर. नळ चालू ठेवून ५ मिनिटं घासत बसलं तर ४० लिटरच्या वर पाणी गेलं. तीच भांडी आधी घासून मग टबात विसळली तर ८-१० लिटरांत भागतं. पाणी ताट खात नाही, उघडा नळ खातो.

हिशेब एवढाच आहे, आणि आमच्या फ्लॅटमध्ये तो कोणाला समजावून सांगावा लागला नव्हता. तरीही एके दिवशी १०० प्लेटांचं पाकीट घरात आलं. त्याआधी आमच्याकडे भांड्यांची गूगल शीट होती, वार ठरलेले होते, आणि सिंकमध्ये दोन-दोन दिवसांची भांडी होती. पाकीट आलं त्या रात्री भांडण संपलं. झाडांचा किंवा पाण्याचा विषय त्या भांडणात एकदाही निघाला नव्हता. विषय एकच होता: ताट कोण घासणार?

माझ्या मते या प्रश्नाची नैतिक बाजू नेमकी इथे आहे. प्लेट फेकून दिली की आवरण्याचं काम संपत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी जातं. कोणाकडे जातं हे माहीत नसण्याची सोय त्या प्लेटच्या किमतीत येते.

आमच्या धंद्यात याचं एक सोपं उदाहरण आहे. 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहिताना मेमरी मागून घेतली, तर काम झाल्यावर ती परत करायची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच असते. जावामध्ये ही कटकट नाही. वापरा आणि विसरा, मागून 'गार्बेज कलेक्टर' येतो आणि उचलून नेतो. पण तो फुकटात काम करत नाही. प्रोसेसरचा वेळ घेतो, कधी चालू प्रोग्रॅम क्षणभर थांबवतोही. साफसफाई होतेच, फक्त लिहिणाऱ्याच्या नजरेआड. मशीनमध्ये ही सोय उत्तम आहे, कारण तिथे मागून आवरणारा माणूस नसतो. घराबाहेर तो असतो.

पुण्यात बऱ्याच भागांत दारोदार कचरा गोळा करतात त्या कचरावेचक बायका. १९९३मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांचं उत्पन्न दोन गोष्टींवर चालतं: घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. पुठ्ठा, बाटली, रद्दी, डबे यांना मोल आहे. आता वरण-भात खाऊन फेकलेली प्लेट बघा. खरकटं लागलेला कागद रद्दीत जात नाही. बऱ्याच प्लेटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती ओल्या कचऱ्यातही नीट कुजत नाही. ना ओला, ना सुका. तिचं वजन उचलावं लागतं, तिचा वास सहन करावा लागतो, आणि त्या बदल्यात भंगारवाला एक पैसाही देत नाही. आम्ही टाळलेलं पाच मिनिटांचं काम असं कोणाच्या तरी हातात जाऊन पडतं. त्या हातांना आमचं नाव माहीत नसतं, आणि आम्हाला त्यांचं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे पत्रावळ. आपल्याकडे तर पूर्वीपासून डिस्पोजेबलच होतं की! पळसाची पानं बारीक काड्यांनी टाचलेली पत्रावळ, द्रोण, केळीचं पान. खरं आहे. पानाचं निसर्गाला ओझं होत नव्हतं, गुरं खात किंवा उकिरड्यावर त्याचं खत होई. थर्माकोलच्या पत्रावळींवर महाराष्ट्र सरकारने २०१८मध्ये बंदी आणली, आणि १ जुलै २०२२पासून प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे देशभर बंद झाले, तेव्हा 'पुन्हा पत्रावळीकडे चला' हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पर्यावरणापुरता तो बरोबरही आहे.

पण पत्रावळीची गोष्ट तिथे संपत नाही. जेवणावळीनंतर उष्ट्या पत्रावळी कोण उचलायचं, हे गावात ठरलेलं असे, आणि ते जातीने ठरलेलं असे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या १९९७मध्ये आलेल्या हिंदी आत्मकथनाचं नावच 'जूठन' आहे, म्हणजे उष्टं. लग्नाच्या पंगतीबाहेर टोपल्या घेऊन बसणारी माणसं, वऱ्हाडाच्या पत्रावळींत उरलेले पुरीचे तुकडे, आणि ते वाळवून पावसाळ्यासाठी ठेवणं, हे त्यात आलं आहे. जेवणारा हात धुऊन उठला की त्याच्यापुरतं जेवण संपलं. ज्यांच्यापुरतं ते तिथून सुरू होत होतं, त्यांना पंगतीत जागा नव्हती.

मराठीत उष्टं आणि खरकटं असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि दोन्हींच्या मागे विटाळाची भावना चिकटलेली आहे. आपलं उष्टं आपल्याला चालतं, दुसऱ्याचं चालत नाही. मग ज्याचं 'चालून जातं' असा माणूस शोधला जातो. जुन्या काळी तो जातीने सापडत होता. आज तो पगाराने सापडतो, आणि बऱ्याचदा माणसं तीच असतात.

याचं आणखी एक रूप आपल्या सोसायट्यांमध्ये रोज दिसतं. घरातले सगळे स्टीलच्या ताटात जेवतात, चिनी मातीच्या कपात चहा पितात, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना चहा कागदी कपात मिळतो. पूर्वी त्यांच्यासाठी खिडकीत वेगळा कप असायचा. तो वेगळा ठेवलेला दिसत होता, त्यामुळे निदान त्यावर बोट ठेवता येत होतं. कागदी कप स्वच्छतेच्या नावाखाली तेच करतो आणि पुरावाही कचऱ्यात टाकतो. ज्या हातांनी घरातला प्रत्येक कप घासलेला असतो, त्यांच्यासाठी मात्र घासावा लागणार नाही असा कप. म्हणून मी म्हणतो की वस्तू कशाची बनली आहे हे बघून निकाल लागत नाही. तो कप उसाच्या चोथ्याचा आणि शंभर टक्के कुजणारा असला, तरी त्याने जे केलं ते कुजत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी स्टीलच्या ताटाचा झेंडा घेऊन घरी जाणार असेल, तर जरा थांबा. दुसरी बाजू माझ्या मते जास्त जड आहे.

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की ज्या दिवसाबद्दल विचारलं त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम ८१.२ टक्के बायकांनी केलं होतं, आणि २६.१ टक्के पुरुषांनी. काम करणाऱ्या बाईचा त्यातला सरासरी वेळ २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचा ९७ मिनिटं. आता अशा घरात एखादा मुलगा रात्री फोनवर लेख वाचून जाहीर करतो, 'आई, उद्यापासून कागदी प्लेटा बंद.' पर्यावरण त्याचं, तत्त्व त्याचं, आणि घासायचं आईने. दिवसभर नोकरी करून आलेली, मनगट दुखणारी बाई आठवड्यातून दोनदा कागदी प्लेटा काढत असेल, तर तो तिचा आळस म्हणायचा का? मला तो छोटासा संप वाटतो. न बोलता केलेला, कारण बोलून काही झालेलं नसतं.

तीच गोष्ट दुष्काळाची. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. हंडाभर पाण्यासाठी रात्र जागणाऱ्या घराला ताट आणि प्लेट यांतला नैतिक फरक शिकवणं हा उद्धटपणा आहे. खरं तर अशा गावांना काटकसर आपल्याहून चांगली येते. राखेने भांडी घासायची, थोडक्या पाण्यात विसळायची, आणि ते पाणी परसातल्या अळवाला सोडायचं, ही पद्धत कुठल्याही ॲपने शिकवलेली नाही. आजारपण, बाळंतपण, घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस, यांनाही हेच लागू. तिथे कागदी प्लेट ही मदत आहे, आणि मदत घेण्यात गैर काही नाही.

मग नियम काय? मला एकच टिकाऊ वाटतो. घरात कशात जेवायचं हे ठरवण्याचा पहिला हक्क घासणाऱ्याचा. जो नुसता जेवतो त्याचं मत ऐकून घ्यावं, पण ते मोजू नये. मत मोजलं जावं असं वाटत असेल तर सिंकपाशी उभं राहावं. हा नियम दोन्हीकडून लागू होतो. घासण्याचा कंटाळा आला म्हणून कागदी प्लेट आणणाऱ्याला तो विचारतो की आता तुझं उष्टं कोण उचलणार. स्टीलचा आग्रह धरणाऱ्याला विचारतो की आज तू किती ताटं घासलीस.

अमृतसरच्या सुवर्णमंदिरात रोज हजारो माणसं लंगरमध्ये जेवतात, स्टीलच्या ताटांत. एवढ्या गर्दीत ताटं घासणं ही खरं तर केवढी अडचण. पण तिथे घासणं हा सेवेचाच भाग आहे, आणि जेवून उठलेला माणूस घासायच्या रांगेत जाऊन उभा राहू शकतो. उष्टं हे एका ठरावीक माणसाचं काम राहत नाही. इतक्या लोकांना जे जमतं, ते बाणेरमधल्या चार इंजिनीअरांना जमू नये याला पाण्याचं आणि वेळेचं कारण देता येणार नाही.

हॅना आरंट यांनी १९५८मधल्या 'द ह्यूमन कंडिशन' या पुस्तकात मानवी कामाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक, जे रोज करावं लागतं आणि मागे काही ठेवत नाही, स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी. दुसरं, ज्यातून टिकणारी वस्तू तयार होते. त्यांची तक्रार अशी होती की आधुनिक समाज टिकणाऱ्या वस्तूही अन्नासारख्या वापरून संपवायला लागला आहे. आपल्या आज्यांच्या भांड्यांवर नाव टाकलेलं असायचं. कोणी दिलं, कोणाच्या लग्नात, कोणत्या साली. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं अजून वाचता येतात, कारण साठ वर्षं कोणीतरी रोज ते ताट घासलं. मात्र त्या ताटावर घासणाऱ्याचं नाव सहसा नसतं, देणाऱ्याचं असतं. त्या टिकाऊपणाचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवलेलं बरं.

आमच्या फ्लॅटमध्ये सध्या एवढंच ठरलंय. कढई, कुकर, तवा मावशी घासतात, आणि त्यांचे पैसे तेवढेच आहेत. (कागदी प्लेट आणली तरी ही जड भांडी उरतातच, हे तिच्या जाहिरातीत कोणी सांगत नाही.) आपलं ताट-वाटी ज्याची त्याने जेवून उठल्यावर लगेच घासायची. खरकटं ओल्या कचऱ्यात. गूगल शीट काढून टाकली, कारण पाळी कोणाची हा प्रश्नच उरला नाही. पाहुणे जास्त झाले किंवा कोणी तापाने पडला तर कपाटात प्लेटांचं पाकीट आहे, त्यातल्या ७०-८० अजून शिल्लक आहेत. आणि मावशींचा चहा आमच्याच कपांमधल्या एका कपात असतो. तो कप त्या दिवशी आमच्यातला कोणीतरी घासतो.