हरकत घेणारा सोबती

‘परीक्षेच्या हॉलमध्ये तू एकटाच बसणार आहेस, मग तयारीला चौघे कशाला?’ गणित ऑलिंपियाडच्या मागे लागलेल्या मुलामुलींना हा प्रश्न घरी, क्लासमध्ये, नात्यातल्या आयआयटीवाल्या दादाकडून, कुठूनही ऐकावा लागतो. त्यावर सध्या जे उत्तर दिले जाते तेही तितकेच उथळ. एकत्र अभ्यासाने म्हणे संघभावना वाढते, ताण हलका होतो, मुले एकलकोंडी होत नाहीत. संघभावनाच हवी असेल तर खो-खो खेळावा. त्यासाठी भूमितीला वेठीला धरण्याचे कारण नाही. पहिला आक्षेप मात्र असा उडवून लावता येत नाही. तो घेणारे बहुधा अनुभवी असतात आणि त्यांची अर्धी बाजू खरी आहे.

गटात काय चालते ते त्यांनी पाहिलेले असते. चौघे बसतात, एकाला युक्ती सुचते, बाकीचे तिघे ‘हां, बरोबर’ म्हणत माना डोलावतात आणि आपल्यालाही ते आले अशा समजुतीने उठतात. महिन्याभराने तोच प्रश्न जरा फिरवून घातला की तिघांची पाटी कोरी. हे खरेच घडते. पण म्हणून परीक्षा एकट्याची तर तयारीही एकट्याचीच, हा निष्कर्ष टिकत नाही. पैलवान हौद्यात एकटाच उतरतो, जोर-बैठकाही एकट्याने काढतो. तरी जोडीशी न खेळता कुणी कुस्ती शिकल्याचे कोल्हापुरात ऐकिवात नाही. यावर उत्तर तयार असते: कुस्तीत समोर माणूस असतो, उत्तरपत्रिकेसमोर कोण असते?

असते. कोण असते ते मात्र परीक्षेच्या पायरीवर अवलंबून आहे. पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा: तीन तासांत ३० प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर शून्य ते ९९ मधली एक संख्या, गोळे काळे करायचे. ते उत्तर कुठून आले हे कुणी विचारत नाही. इथे आक्षेपकांचे म्हणणे मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो; घड्याळ लावून एकट्याने बसावे हे उत्तम. पुढची आरएमओ, म्हणजे प्रादेशिक ऑलिंपियाड, वेगळी. तिथे तीन तासांत सहाच प्रश्न आणि प्रत्येकाची संपूर्ण मांडणी लिहायची. तपासणारा केवळ उत्तर पाहत नाही. पुष्कळदा ते ‘सिद्ध करा’ म्हणून प्रश्नातच दिलेले असते. तो फट शोधतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निदान संघाचा प्रमुख मुलाची उत्तरपत्रिका घेऊन गुण ठरवणाऱ्यांसमोर बसतो, तिची बाजू मांडतो. आरएमओत ती सोय नाही. कागदावर जे नाही ते नाहीच.

एक प्रश्न जवळून पाहू. प्रतलावर पाच बिंदू आहेत, कोणतेही तीन एका रेषेत नाहीत. त्यांतले चार निवडून बहिर्वक्र चौकोन नेहमीच करता येतो हे दाखवा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बुडापेस्टमध्ये एस्थर क्लाइन या तरुणीने हा प्रश्न आपल्या मित्रांपुढे टाकला. एर्डोश आणि सेकेरेश त्याच कोंडाळ्यातले; यांतले कित्येकजण शाळेत असताना ‘कोमाल’ या गणित मासिकामुळे एकमेकांना नावाने ओळखू लागले होते. त्या प्रश्नातून १९३५चा एर्डोश-सेकेरेश यांचा गाजलेला शोधनिबंध निघाला, आणि पुढे क्लाइन-सेकेरेश यांचे लग्नही. पण ते असो.

अवघड भाग असा: त्रिकोण अबक, आणि ड, ई हे दोन बिंदू त्याच्या आत. हुशार मुलगा लगेच म्हणतो, ‘रेषा डई काढा. त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू तिच्या एकाच बाजूला येणार, समजा अ आणि ब. हे चार घ्या, झाला चौकोन.’ आकृतीत तो दिसतोही. मदत करणारा मित्र इथे टाळी देतो. हरकत घेणारी मैत्रीण विचारते, ‘दोन एकाच बाजूला कशावरून?’ हे सोपे आहे: रेषा कोणत्याही शिरोबिंदूतून जाऊ शकत नाही, बाजू दोन आणि बिंदू तीन. ‘बरं, पण चौकोन आत दबलेला कशावरून नाही?’ मुलगा आकृतीकडे बोट दाखवतो. ‘आकृती तू काढलीस!’ आता तो गप्प होतो, चिडतो आणि मग लिहायला लागतो. रेषा डई ही बाजू कअ ला प मध्ये आणि कब ला फ मध्ये छेदते; क्रम प, ड, ई, फ समजू. ड त्रिकोणाच्या आत असल्याने रेषा अड च्या एका बाजूला क, दुसऱ्या बाजूला ब. प हा क च्या बाजूला, म्हणून ई पलीकडे, ब च्या बाजूला. रेषा बई चेही तसेच. उरलेल्या दोन रेषांत अडचणच नाही. चार ओळींचे काम. पण ते एकट्याने बसून झाले नसते, कारण त्याच्या लेखी तिथे करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

माझा सगळा मुद्दा या मुलीपाशी आहे. तिने त्याला काहीही शिकवले नाही. उत्तर तिला येत होते की नाही हेही आपल्याला ठाऊक नाही. एकत्र अभ्यासाचे समर्थक आणि विरोधक, दोघेही सोबत म्हणजे मदत असे गृहीत धरतात. एकांना ती हवी असते, दुसऱ्यांना तिने मुले परावलंबी होतील ही भीती. भीती रास्त आहे, पण ती मदतीला लागू पडते. हरकत घेणाऱ्याने परावलंबी कसे व्हावे? तो तर तुमचे काम वाढवून ठेवतो.

इतके झाल्यावर एकांड्या यशाचा दाखला म्हणून रामानुजन यांचे नाव पुढे केले जाते, आणि आपल्याकडे रँग्लर परांजपे यांचे. पण केंब्रिजच्या ज्या गणिताच्या परीक्षेत परांजपे १८९९ साली संयुक्त पहिले आले, तिची तयारी त्या काळी खाजगी शिक्षकांकडे लहान गटांत घोटून घेतली जाई. आणि १९१३ मध्ये रामानुजन यांचे पत्र पोचल्यावर केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी कौतुकाबरोबर काय मागितले? सिद्धता. एकट्या प्रतिभेचे म्हणून सांगितले जाणारे हे उदाहरण मला तरी हरकतीचेच वाटते.

मदत आणि हरकत यांतला हा भेद मानला तर एक गोष्ट आपोआप बदलते. मदत करायला आपल्याहून हुशार माणूस लागतो, म्हणून पालक ‘चांगली बॅच’ शोधत पुण्या-मुंबईकडे धावतात. हरकत घ्यायला तेवढी हुशारी लागत नाही. न पटलेले पटले म्हणायचे नाही, एवढा हट्ट पुरतो. आरएमओला बसणारा तालुक्यात एकच मुलगा असला, तरी नववीतली धाकटी बहीण समोर बसून पाच बिंदूंच्या मांडणीवर ‘कशावरून?’ विचारू शकते. फोनवरच्या गटात अख्ख्या उत्तराचा फोटो टाकणाऱ्या मित्रांपेक्षा ती जास्त कामाची. असमानतांचे प्रश्न आले की तिचे चालणार नाही, हे कबूल. तिथे अक्षरेच इतकी होतात की खटकायचे कुठे हेच तिला कळत नाही, आणि त्या प्रकरणापुरता का होईना, बरोबरीचा कुणीतरी शोधावाच लागतो.