बंदुकीचा बोअर आणि मदतीचे अंतर

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या उसात बिबट्या दिसला की गावाच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो : परवाना काढून बंदूक घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घरासमोरून शेळी उचलून नेली गेली, ज्याची मुले उसाच्या कडेकडेने शाळेत जातात, त्याला हातात काहीतरी असावे असे वाटणारच. म्हणून या प्रश्नाचे आधी सरळ उत्तर दिले पाहिजे.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे. तिथली कुटुंबे संकटकाळासाठी कोणती रायफल, कोणत्या मापाची गोळी आणि किती साठा यावर मनसोक्त खल करू शकतात. आपल्याकडे ही निवड बरीचशी कायद्यानेच करून टाकलेली आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार लष्कर-पोलिसांच्या .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या गोळ्या ज्यात चालतात, ती रायफल निषिद्ध बोअरची, म्हणजे नळीच्या निषिद्ध मापाची ठरते. सामान्य माणसाला उरते ती मुख्यतः बारा बोअरची छऱ्याची बंदूक, .२२ किंवा .३१५ ची रायफल. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण. काडतुसे किती ठेवायची तेही परवान्यावरच लिहिलेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत.

.३१५ हा आकडा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल ब्रिटिश फौजेच्या .३०३ ली-एन्फील्डच्याच घडणीची. तोच मागे-पुढे सरकणारा बोल्ट, खाली पाच गोळ्यांचे मॅगझिन. फरक फक्त गोळीत. फौजेच्या गोदामातून पळवलेली गोळी रयतेच्या बंदुकीत बसू नये, एवढ्यासाठी हे वेगळे माप. म्हणजे ते ठरवताना शेतकऱ्याची गरज कुणी विचारलीच नव्हती. विचार होता राज्यकर्त्याच्या भीतीचा. ती भीती सातपुड्याला चांगली ठाऊक आहे. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे इथले भिल्ल उठले होते. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात बांधले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. बंदूक एकाच बाजूला असली की काय होते, ते नंदुरबारने ९ सप्टेंबर १९४२ रोजी पाहिले. तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार व त्याचे चार सोबती गेले. त्यामुळे शस्त्राचा परवाना मागणाऱ्याकडे संशयानेच बघावे, असे मी म्हणणार नाही.

तरीही आजच्या गरजेला ती बंदूक पुरी पडते का? रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते, लहानशा .२२ चीसुद्धा. उसाच्या फडात पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. तिथे तोडणीवाल्यांच्या झोपड्या असतात, चारा कापणारी बाई असते. छऱ्याची बंदूक त्या मानाने बरी, तिचा जोर चाळीसेक मीटरवर ओसरतो. पण त्या अंतरात जखमी झालेला बिबट्या धडधाकट बिबट्याहून जास्त धोक्याचा. कायदाही ध्यानात ठेवायला हवा. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना तो मेला तर गुन्हा होत नाही, पण बंदूक घेऊन त्याच्या मागावर जाणे हा गुन्हा आहे. तसा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते.

आता प्रत्यक्ष शेतात काय होते ते पाहा. थ्री-फेज वीज रात्री येते, म्हणून शेतकरी रात्री पाणी भरायला जातो. एका हातात फावडे, दुसऱ्या हातात बॅटरी, पाय चिखलात. दारे मोडायला तो वाकतो, आणि वाकलेला किंवा बसलेला माणूसच बिबट्याला भक्ष्यासारखा दिसतो. त्या क्षणी खांद्यावरची बंदूक काढणार कधी, सेफ्टी सोडणार कधी आणि नेम धरणार कुणावर? त्याच बांधावर मण्यार आहे, घोणस आहे. त्यांच्यावर कोणताही बोअर चालत नाही. वीज दिवसा आली, तर यातला अर्धा धोका आपोआप टळतो. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. ती आपल्या फीडरपर्यंत कधी पोहोचणार, हा विचारायचा प्रश्न आहे.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातही आणीबाणी म्हणजे दारावर आलेला शत्रू नव्हे. अडलेली बाई बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते, सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यातून दवाखान्यासाठी बोटीची वाट पाहावी लागते, ही तिथली आणीबाणी. साप चावला तर प्रतिविषाची कुपी किती दूर आहे यावर जगणे-मरणे ठरते.

आणि खरी सज्जता कशी असते, हेही याच जिल्ह्याने दाखवले आहे. कोरोनाची पहिली लाट ओसरली तेव्हा सगळीकडे ढिलाई आली होती. त्या वेळी जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभारून घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना नंदुरबारकडे स्वतःचा प्राणवायू होता. संकट येण्याआधी, सगळ्यांसाठी, सगळ्यांच्या पैशातून केलेली ती तयारी होती.

बंदूक मागणारा माणूस खरे तर मदत आपल्यापासून किती लांब आहे, हेच सांगत असतो. ते अंतर कमी करणे सरकारचे काम आहे आणि ते करून घेणे आपले. ज्याला परवाना हवा त्याने तो रीतसर काढावा, प्रशिक्षण घ्यावे, बंदूक आणि काडतुसे वेगवेगळी कुलपात ठेवावीत. पण येत्या ग्रामसभेत त्याने आणि आपण सगळ्यांनी मिळून चार गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात : शेतीला दिवसा वीज, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर, पाड्यापर्यंत रुग्णवाहिका जाईल असा रस्ता, आणि बोलावल्यावर पिंजरा घेऊन येणारे वनखात्याचे पथक. जीव वाचतील ते यांनीच.