‘चोर आले’ म्हणण्यापूर्वी



मोहोळच्या माळावर फासेपारध्यांची दोन पालं पडली की एकच ओरड उठते, “चोर आले! कोंबड्या-शेळ्या सांभाळा!” ही ओरड आपल्याही घरांतून उठते, म्हणून आज या एका शब्दाविषयी बोलायचे आहे.

हा शब्द आपल्या तोंडी कोणी घातला? वेशीवर रात्र जागवणारा येसकर आपलाच आजा-पणजा. परका दिसला की पाटलाला वर्दी द्यायची, चोरी झाली की माग काढायचा, हे काम महारकीचे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात असे मत मांडले की, आपले पूर्वज हे पराभूत टोळ्यांतून फुटलेले लोक; भटक्यांच्या धाडींपासून राखण करण्यासाठी गावाने त्यांना वेशीबाहेर वसवले. राखण करून घेतली, पण गावात घेतले नाही! १९५९ साली महार वतन गेले. येसकराची ओरड मात्र आपण बिनपगारी चालवीत आहोत.

इंग्रज सरकारने तर १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. आपल्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. त्या वस्तीला अजूनही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तो आपल्या जिभेवरून कधी रद्द होणार?

मज्झिम निकायात अंगुलिमालाला ‘चोर’च म्हटले आहे. पालीत चोर म्हणजे लूटमार करणारा, माणसे मारणारा दरोडेखोरही. आणि त्याने खरोखरच माणसे मारली होती. राजा पसेनदी पाचशे स्वार घेऊन त्याला धरायला निघाला. वाटेत तो तथागतांना भेटला. तथागतांनी जवळ बसलेल्या भिक्षूकडे हात केला : हाच अंगुलिमाल. राजाच्या अंगावर काटा आला. भीती ओसरल्यावर त्याने काय केले? त्याच्या आई-वडिलांचे गोत्र विचारले. वडील गग्ग, आई मंतानी. मग राजाने ‘चोर’ म्हटले नाही. गग्ग मंतानिपुत्त अशी आदराने हाक मारली आणि चीवर, भिक्षा देऊ केली.

पालातल्या माणसाने तर काही केल्याचेही आपणांस ठाऊक नसते. चोरी झाली असेल तर ज्याने केली त्याचे नाव घ्या, फौजदाराकडे जा. सगळ्या जमातीवर नाव घेणे म्हणजे चौथे शील मोडणे होय. पंचशील आपण रोज म्हणतो, ते काय भिंतीला ऐकवण्यासाठी?

२० मार्च १९२७ ची चवदार तळ्याची हकीकत मुलांना सांगायची आणि पारधीण घागर घेऊन आली की तिला नळावरून हाकलायचे, हे जमणार नाही. येत्या पौर्णिमेच्या वंदनेआधी दोघे-तिघे पालांवर जाऊन या. त्यांची नावे विचारा, आई-बापांची विचारा, आणि मुले शाळेच्या वयाची असतील तर दाखल्यासाठी मास्तरांकडे बरोबर जा.